गाव कुठलं? पोलिश रॅप आणि स्थलांतराची गोष्ट

पोलंडचं राष्ट्रगीत पोलंडमध्ये लिहिलं गेलं नाही. १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो देश आपसात वाटून घेतला आणि नकाशावरून पुसून टाकला. दोन वर्षांनी, १७९७ मध्ये, इटलीतल्या रेज्जो शहरात नेपोलियनच्या बाजूने लढणाऱ्या पोलिश सैनिकांसाठी हे गीत रचलं गेलं. ज्याच्या सुरुवातीच्या ओळी पोलंडमधल्या शाळांत आजही पाठ करून घेतात, ते 'पान तादेउश' हे काव्य आदाम मित्सक्येविच यांनी पॅरिसमध्ये लिहिलं आणि १८३४ साली तिथेच ते छापून आलं. संगीतकार शोपँचं निधनही पॅरिसमध्येच झालं. देश हातात नसताना १२३ वर्षं पोलिश माणसाने 'आपण कोण' याचं उत्तर बव्हंशी परमुलखात बसून लिहिलं.

पोलिश रॅपची सुरुवात मात्र नेमकी उलटी झाली. हे गाणं घरी राहिलेल्यांचं होतं, ज्यांच्याकडे बाहेर जायला ना पैसा होता ना ओळखपाळख. आणि त्यात 'मी कोण' याचं उत्तर देशाच्या नावाने क्वचितच यायचं. यायचं ते शहराच्या, वस्तीच्या, कधीकधी तर नुसत्या इमारतीच्या नावाने. पत्ता हीच ओळख असं एकदा ठरलं, की पत्ता बदलला तर काय उरतं, हा प्रश्न आज ना उद्या समोर येणारच. गेली तीस वर्षं पोलिश रॅप या एकाच प्रश्नाभोवती फिरत आलं आहे, असं मला वाटतं.

१९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली, सीमा खुल्या झाल्या, परदेशी कॅसेटी यायला लागल्या. १९९३ च्या सुमारास वॉर्सातल्या रेडिओ कोलोरवर बोग्ना श्व्योन्तकोव्स्का 'कोलोरशोक' नावाचा कार्यक्रम करायच्या. राजधानीतल्या बऱ्याच पोरांनी रॅप पहिल्यांदा धडपणे ऐकलं ते तिथे. पण पहिला मोठा दणका दिला तो क्येल्त्से नावाच्या मध्यम आकाराच्या शहराने. तिथल्या प्योत्र मार्झेत्स ऊर्फ लिरॉय याने आधी वेगळ्या नावाने इंग्रजीत रॅप करून पाहिलं होतं, 'ईस्ट ऑन दा माइक' अशी कॅसेटही काढली होती. १९९५ साली तो पोलिशमध्ये 'आल्बूम' घेऊन आला आणि त्याच्या प्रती लाखांच्या घरात खपल्या. त्यातल्या गाजलेल्या गाण्याचं नाव होतं 'स्त्सिझोरिक', म्हणजे खिशातला चाकू. क्येल्त्सेच्या लोकांना पोलंडभर याच नावाने चिडवतात. म्हणजे देशातल्या पहिल्या रॅप-ताऱ्याने स्वतःची ओळख करून दिली ती गावाला पडलेलं टोपणनाव छातीवर लावून. पुढे २०१५ मध्ये हाच लिरॉय क्येल्त्सेतूनच खासदार म्हणून निवडून आला.

त्याच्या पाठोपाठ शहरामागून शहरं बोलायला लागली. कातोवित्सेच्या कोळसापट्ट्यातून 'कालिबेर ४४' आणि मग 'पाक्तोफोनिका' हे गट आले. वॉर्सातून 'मोलेस्ता' या गटाचा 'स्कान्दाल' हा अल्बम १९९८ मध्ये आला. पोझनानच्या येझित्से भागातून पेया आला, वुच शहरातल्या बाउति भागातून ओ.एस.टी.आर. आला, जो मुळात संगीत अकादमीत शिकलेला व्हायोलिनवादक. बहुतेकांच्या गाण्यांत चित्र सारखंच. आठ-दहा मजली काँक्रीटच्या इमारतींची रांग, तिच्यापुढे एक बाक, बाकावर दिवसभर बसलेली पोरं. आपल्याकडच्या कट्ट्याला जे स्थान, तेच त्या बाकाला. वर्तमानपत्रांनी या पोरांचं 'ब्लोकेर्सी', म्हणजे ब्लॉकवाले, असं नामकरण केलं. शब्दात तुच्छता होती. रॅपवाल्यांनी तीच वस्ती अभिमानाने मिरवायला सुरुवात केली.

इथे जरा थांबून त्या इमारतींकडे बघायला हवं, कारण स्थलांतराची गोष्ट त्यांच्यापासूनच सुरू होते. कारखान्यात ओतून आणलेल्या सिमेंटच्या तयार भिंती जागेवर जोडून कम्युनिस्ट काळात ही घरं उभी राहिली, आणि त्यांत राहायला आले ते मोठ्या प्रमाणावर खेड्यांतून आलेले लोक. क्राकुफच्या कुशीतलं नोवा हुता हे पोलादनगर १९४९ पासून बांधलं गेलं तेच मुळी गावाकडून येणाऱ्या कामगारांसाठी. पश्चिमेकडे तर चित्र आणखी वेगळं. व्रोत्सवाफ, श्चेचिन, वाउब्झिख ही शहरं १९४५ पर्यंत जर्मन होती. त्यांची नावं होती ब्रेस्लाउ, श्टेटिन, वाल्डेनबुर्ग. युद्धानंतर पोलंडची सीमा पश्चिमेकडे सरकली, तिथल्या जर्मनांना घालवून देण्यात आलं, आणि सोव्हिएत संघाने गिळलेल्या पूर्वेकडच्या मुलखातली पोलिश कुटुंबं तिथे आणून वसवली गेली. वाउब्झिखच्या खाणींत तर फ्रान्स-बेल्जियमला गेलेले पोलिश खाणकामगारही परत येऊन राहिले.

या पूर्वेकडच्या मुलखाचा एक धागा थेट कोल्हापूरपर्यंत येतो. १९४० मध्ये सोव्हिएतांनी तिथल्या हजारो पोलिश कुटुंबांना सैबेरियात आणि कझाकस्तानात हद्दपार केलं. सुटका झाल्यावर त्यांतली काही इराणमार्गे भारतात पोहोचली, आणि १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार जण कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत राहिले. त्यात बायका आणि मुलंच जास्त. त्या आठवणीचा फलक आज वॉर्सात आहे. वळिवड्याला पोहोचलेलं कुटुंब आणि व्रोत्सवाफला पोहोचलेलं कुटुंब एकमेकांचे शेजारी असू शकले असते.

म्हणून एखादा रॅपर 'मी इथलाच, माझी मुळं इथेच' असं ठासून सांगतो, तेव्हा मला त्यातला आवेश फार काही सांगून जातो. त्याच्या आजोबांनी ही जागा तरुणपणी पाहिलीही नसेल. दोन पिढ्यांपूर्वी उखडून आणलेल्या माणसांची नातवंडं आपण इथले आहोत हे जगाला बजावून सांगत होती. व्रोत्सवाफमध्ये काम करणाऱ्या एल.यू.सी. या रॅपरने २००९ साली '३९/८९' हा अल्बम काढला. १९३९ ते १९८९ या काळातली भाषणं आणि बातम्यांची जुनी ध्वनिमुद्रणं त्याने तालात गुंफली. युद्ध, सरकलेली सीमा, लष्करी कायदा, सगळं पन्नास वर्षांच्या आवाजांतून. इतिहासाचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्या मुलांना आपली वस्ती कशी वसली हे ऐकायचं असेल, तर याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

आता कट्ट्यावरची पोरं दिवसभर बसून का होती? कारण काम नव्हतं. नव्या अर्थव्यवस्थेत सरकारी कारखाने पटापट बंद पडले. वुचच्या कापडगिरण्या गेल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस साडेआठ लाख वस्ती असलेलं ते शहर आज साडेसहा लाखांच्या आसपास आलं आहे. वाउब्झिखच्या कोळसाखाणी १९९० च्या दशकात एकामागून एक बंद केल्या गेल्या. मग बेकार खाणकामगार जंगलात, टेकडीच्या उतारावर हाताने खड्डे खणून कोळसा काढायचे आणि पोत्यातून विकायचे. खड्डा बेकायदा, आधाराला जेमतेम लाकडं, वरून माती ढासळली तर माणूस आतच. लोक या खड्ड्यांना 'बियेदाशिबी' म्हणायचे, गरिबीच्या खाणी. याच शहरातून 'त्शेची विम्यार' हे त्रिकूट आलं आणि २००३ साली त्यांचा 'च्तेरी पोरी रापू' हा अल्बम देशभर वाजला. शब्दांचा इतका वेगवान आणि चढाओढीचा मारा तोवर थोड्यांनीच केला होता. त्या काळात पोलंडमधली बेकारी २० टक्क्यांच्या घरात होती.

१ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात गेलं. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी नव्या सदस्यांसाठी कामाची दारं लगेच उघडली. जर्मनीने ती २०११ पर्यंत अडवून धरली. लोक बसने, स्वस्त विमानाने, मिळेल तसे निघाले. २००७ अखेर तात्पुरत्या मुक्कामाने परदेशी असलेल्यांचा सरकारी आकडा सुमारे २२ लाख ७० हजार होता, आणि देशाची लोकसंख्या होती ३ कोटी ८० लाख. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये इंग्रजीखालोखाल सर्वाधिक बोलली जाणारी भाषा पोलिश निघाली. ५ लाख ४६ हजार लोकांची ती मुख्य भाषा होती. कोण गेले? पोलंडमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मदर खूप वाढला होता. ती मुलं २००४ मध्ये वीस-बावीस वर्षांची झाली होती. म्हणजे रॅप ऐकत वाढलेली पहिली पिढीच उठून गेली.

असं झाल्यावर लंडनमध्ये पोलिश माणसांचं इंग्रजी रॅप फोफावेल, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. तसं फारसं झालं नाही. ही मंडळी गेली तेव्हा मोठी झालेली होती. दिवसा गोदामात किंवा बांधकामावर कामचलाऊ इंग्रजी बोलायची आणि संध्याकाळी खोलीत पोलिश गाणी ऐकायची. थोड्याच वर्षांत यूट्यूब आलं, आणि पोझनानमध्ये निघालेलं गाणं डब्लिनमध्येही त्याच संध्याकाळी वाजायला लागलं. पोलंडचे रॅपर लंडन-डब्लिनला कार्यक्रम करायला जायला लागले, तेही पोलिश गर्दीपुढे. भाषेचं एक कारण आणखी खोल आहे. पोलिशमध्ये सात विभक्ती आहेत आणि शब्दांची शेवटची अक्षरं सतत बदलतात. त्यामुळे यमक जुळवणं सोपं, इतकं सोपं की नुसत्या प्रत्ययांवर जुळवलेल्या यमकाला 'चेन्स्तोहोवा यमक' असं हिणवतात. चांगला रॅपर ते टाळून अनपेक्षित शब्द एकमेकांना भिडवतो. वीस वर्षं घासून आलेली ही कारागिरी दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. पोलिश रॅपर परदेशी गेला तरी त्याचं दुकान पोलिशमध्येच राहिलं.

लहानपणी नेलेल्या मुलांची गोष्ट वेगळी, आणि मला तीच सगळ्यात जास्त विचार करायला लावते. श्वेस्टा एवाचा जन्म १९८४ चा, पोलंडच्या उत्तरेकडच्या कोशालिनमधला. आई तिला घेऊन जर्मनीत कील शहरात आली. ती रॅप करते ते जर्मनमध्ये. जर्मनीत पोलिश मुळांची माणसं वीस लाखांहून जास्त, पण त्यांच्याबद्दल नेहमी म्हटलं जातं की ती दिसतच नाहीत. अनेक कुटुंबं जर्मन पूर्वजांचा दाखला दाखवून आली, घरात पोलिश बोलणं बंद केलं, मुलांची नावं जर्मन वळणाची केली. जर्मन रॅपमध्ये तुर्की, कुर्दिश, अरब, बोस्नियन आडनावं ठसठशीत ऐकू येतात, पोलिश मात्र अगदी कमी. अशा ठिकाणी एवाने २०१५ साली आपल्या पहिल्या मोठ्या अल्बमला नाव दिलं ते पोलिशमधली सर्वांत प्रचलित शिवी. आयुष्यभर खाली मान घालून 'आम्ही तुमच्यासारखेच' म्हणत आलेल्या समाजातल्या एका बाईने दुकानाच्या फळीवर ती शिवी मोठ्या अक्षरांत मांडली. तिच्या गाण्यांतलं देहविक्रीचं आणि हिंसेचं जग अंगावर येतं, ते सगळ्यांनी ऐकावं असं मी म्हणणार नाही. पण त्या नावामागचं धाडस मला कळतं.

नेदरलँड्समध्ये मिस्टर पोल्स्का याची तऱ्हा हसतीखेळती. पोलंडमध्ये जन्मला, लहानपणी डच गावात आला, रॅप डचमध्ये, पण नाव घेतलं 'मिस्टर पोलंड'. तिथे पोलिश म्हटलं की ग्रीनहाउसमध्ये टोमॅटो तोडणारा मजूर डोळ्यांपुढे येतो. त्या शिक्क्यालाच त्याने रंगमंचावरचं नाव करून टाकलं. सेंटिनोचं गणित आणखी गुंतागुंतीचं. जन्म वॉर्साचा, आई पोलिश, वडील चिलीचे, वाढला बर्लिनमध्ये. तो आधी जर्मनमध्ये नावाजला आणि नंतर पोलिशकडे वळला. या तिघांकडे पाहिलं की एक ठोकताळा बांधता येतो. कुठल्या वयात देश सोडला त्यावर रॅपची भाषा ठरते. भाषा गेली की ओळख नावात, शिवीत, एखाद्या हेल काढून म्हटलेल्या शब्दात जाऊन बसते.

देशाबाहेर जाणं आणि देशाकडे वळणं या दोन्ही वाटा एकाच टोळक्यातून कशा फुटतात, हे पाहायचं तर क्राकुफच्या 'फिर्मा' या गटाकडे पाहावं. त्यातला पोपेक बरीच वर्षं इंग्लंडमध्ये राहिला. २०१५ साली त्याने क्येल्त्सेच्या बोरिक्सोनबरोबर आणि एका डीजेबरोबर 'गांग आल्बानी', म्हणजे अल्बेनियाची टोळी, या नावाने अल्बम काढला आणि तो तुफान चालला. पश्चिम युरोपातली वर्तमानपत्रं पोलिश आणि अल्बेनियन दोघांनाही पूर्वेकडून आलेली गुन्हेगार माणसं म्हणून रंगवायची. त्यातल्या एकाने दुसऱ्याचा मुखवटा चढवून पैसा केला. ऐकायला गंमत वाटते, पण ज्यांच्या नावावर हा धंदा झाला त्या अल्बेनियन मजुरांना त्याचा काडीचाही फायदा झाला नाही, हे मला खटकतं.

त्याच 'फिर्मा'मधला दुसरा माणूस तादेक. वडील यान पोल्कोव्स्की, कम्युनिस्ट राजवटीच्या विरोधात उभे राहिलेले कवी. तादेकने २०१२ मध्ये 'न्येव्हिगोद्ना प्राव्दा' हा अल्बम काढला, म्हणजे गैरसोयीचं सत्य. १९४४ नंतर कम्युनिस्टांविरुद्ध जंगलात लढत राहिलेल्या आणि पुढे दशकानुदशकं नाव घ्यायची बंदी असलेल्या सैनिकांवर त्याने रॅप केलं. २०११ पासून १ मार्च हा त्यांचा अधिकृत स्मरणदिन आहे. लाखो तरुण देश सोडून जात होते त्याच वर्षांत हे देशभक्तीचं रॅप फोफावलं, हा मला योगायोग वाटत नाही. वस्ती रिकामी झाली, मित्र पांगले, तेव्हा 'आपण' म्हणायला उरला तो इतिहास. त्या आठवणीत जागा कोणाला मिळते हाही प्रश्न आहेच. त्याच जंगलातल्या एका तुकडीने १९४६ मध्ये बेलारूशियन ऑर्थोडॉक्स गावकऱ्यांना ठार मारलं होतं. ते लोकही पोलंडचेच नागरिक होते. देशभक्तीच्या रॅपमध्ये त्यांचं दुःख सहसा येत नाही.

मग परत येणाऱ्यांची पिढी आली. टाको हेमिंग्वेचा जन्म १९९० मध्ये कैरोत झाला, बालपणाची काही वर्षं चीनमध्ये गेली, शिक्षण वॉर्सात आणि लंडनमध्ये. त्यानेही लिरॉयसारखीच सुरुवात इंग्रजीत केली आणि नाव झालं ते २०१४ मध्ये पोलिशमध्ये वॉर्साबद्दल बोलायला लागल्यावर. त्याच्या गाण्यात कट्टा नाही. कॉफीची दुकानं आहेत, भाड्याच्या खोल्या, कंत्राटी कामाचे कागद. २०२० मध्ये त्याने 'यार्मार्क' आणि 'एउरोपा' असे दोन अल्बम लागोपाठ काढले. एकात पोलंडवरचा संताप. दुसऱ्याचं नावच युरोप. बाहेर राहून आलेल्याला आपला देश जवळून आणि लांबून असा दोन्ही अंतरांवरून दिसतो, आणि तेच त्याचं बळ आहे. जुन्या वस्तीवाल्यांना तो फार गुळगुळीत वाटतो. मला त्याचा संताप खरा वाटतो.

तोवर पोलंड स्वतःच लोक येण्याचा देश झाला होता. २०१७ आणि २०१८ मध्ये युरोपीय संघात परदेशी माणसांना पहिल्यांदा वास्तव्य परवाने सर्वाधिक दिले ते पोलंडने, आणि त्यात मोठा वाटा युक्रेनियन कामगारांचा होता. २०२२ च्या रशियन आक्रमणानंतर जवळपास दहा लाख युक्रेनियन तात्पुरत्या संरक्षणाखाली तिथे आहेत. रॅपमध्येही चेहरे बदलले. मालिक मॉन्टाना हा हॅम्बुर्गमध्ये जन्मलेला, अफगाण बापाचा आणि पोलिश आईचा मुलगा आज वॉर्सातला मोठा रॅपर आहे. त्याचे पोलिश चाहते त्याच्या ओळी पाठ म्हणतात.

पण सगळं इतकं सरळ नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये माक्स कोर्झ या बेलारूशियन रॅपरने वॉर्साच्या राष्ट्रीय स्टेडियमवर कार्यक्रम केला. तो गातो रशियनमध्ये. स्टेडियम भरलं ते मुख्यतः पोलंडमध्ये राहणाऱ्या बेलारूशियन आणि युक्रेनियन तरुणांनी. गोंधळ झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात पोलिश गावकऱ्यांच्या कत्तली करणाऱ्या युक्रेनियन बंडखोर सेनेचा झेंडाही कोणीतरी फडकवला. त्यानंतर ५७ युक्रेनियन आणि ६ बेलारूशियन अशा ६३ जणांना देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाल्याचं पंतप्रधान तुस्क यांनी जाहीर केलं. झेंडा चीड आणणारा होताच. पण त्या गदारोळात हजारो मुलांची संध्याकाळ नुसत्या पोलीस-बातमीत जमा झाली. परक्या शहरात, आपल्या भाषेच्या गाण्यासाठी, आपल्यासारख्यांच्या गर्दीत उभं राहणं ही गोष्ट लंडनमधल्या पोलिश माणसाला समजावून सांगावी लागली नसती.

सप्टेंबर २०२४ पासून पोलंडमधल्या युक्रेनियन निर्वासित मुलांना पोलिश शाळेत जाणं सक्तीचं झालं आहे. मघाचा वयाचा ठोकताळा त्यांनाही लागू पडत असेल, तर सहाव्या-सातव्या वर्षी आलेली मुलं पोलिशमध्ये भांडतील, पोलिशमध्ये शिव्या देतील आणि पोलिशमध्येच यमकं जुळवतील. खार्किवमध्ये जन्मलेली आणि लुब्लिनच्या काँक्रीटच्या इमारतीत वाढलेली एखादी मुलगी येत्या दहा वर्षांत माइक हातात घेऊन 'ही माझी वस्ती' म्हणेल, याची मला जवळपास खात्री आहे. तिच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजीचं कुटुंबही १९४५ मध्ये पूर्वेकडूनच आलेलं असेल, कदाचित आज युक्रेनमध्ये असलेल्या एखाद्या गावातून.